गाण्याचा रतीब

आमच्या मोडनिंबला गाण्यासाठी पैसे मोजायची पद्धत फार जुनी आहे. पुणे-सोलापूर हायवेवरचं हे गाव बाहेरच्या लोकांना संगीत बारीच्या कला केंद्रांमुळे माहीत असतं. गावाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस जरा हसतो. ते हसणं मला कधी आवडलं नाही. तिथं गाणाऱ्या बायकांनी त्या गाण्यावर घरं चालवली, पोरं शिकवली, म्हाताऱ्यांची औषधं आणली. बैठकीत रसिक फर्माईश करतो, नोट पुढे धरतो आणि गाणं होतं. त्याला दौलतजादा म्हणतात. पुन्हा तेच गाणं हवं असेल तर पुन्हा नोट काढायची. हिशोब सरळ आहे.

म्हणून कुणी म्हणालं की ‘आपल्या लोकांना सगळी गाणी फुकट हवी असतात’, तर मला ते पटत नाही. आमच्या भागातल्या माणसाने गाण्यावर आयुष्यभर पैसे घातलेत. उरुसात कव्वालावर नोटा उधळल्या, जत्रेत तमाशाचं तिकीट काढलं, कॅसेट घेतल्या, मेमरी कार्डं भरून घेतली. तोच माणूस मोबाइलवर ‘महिन्याला एवढे रुपये भरा’ अशी पाटी आली की ती बोटाने बाजूला सारतो. एकाच माणसाचं हे वागणं समजून घ्यायचं तर त्याने आजवर पैसे कशासाठी दिले, ते आधी बघावं लागेल.

सुरुवात अब्बांपासून करतो. अब्बा टेलर. दुकानात मशीनशेजारी फळीवर टेपरेकॉर्डर असायचा आणि खालच्या खोक्यात कॅसेटी. ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि गाणं स्वस्त झालं. त्याआधी रेकॉर्ड म्हणजे एचएमव्ही, आणि तबकडी वाजवायचं यंत्र असलेलं घर गावात एखादंच. कॅसेटने ते मोडलं. टी-सीरिजसारख्या कंपन्यांनी कमी किमतीत माल आणला, आणि त्यांच्या मागोमाग गावोगावच्या छोट्या कंपन्यांनी भजन, कव्वाली, लोकगीत, वगनाट्य असं सगळं रेकॉर्ड करून विकलं. ज्या गायकाला मुंबईच्या स्टुडिओचं दार कधी उघडलं नसतं, त्याचा आवाज बाजारच्या दिवशी हातगाडीवर विकायला आला.

अब्बांच्या खोक्यात विकतच्या कॅसेटी निम्म्या होत्या. उरलेल्या कोऱ्या आणून भरलेल्या. गाण्यांची यादी कागदावर लिहून दुकानदाराला द्यायची, तो दोन दिवसांनी कॅसेट भरून द्यायचा. एक कॅसेट मात्र कुठल्याच दुकानातली नव्हती. आमच्या भागातल्या एका उरुसात रात्रभर कव्वाली झाली होती, ती कुणीतरी समोर टेप ठेवून भरली होती. त्यात टाळ्या आहेत, माइकची शिट्टी आहे, मध्येच कुणाचं तरी पोर रडतं. आणि एका ठिकाणी आमच्या मोठ्या अब्बांचा, म्हणजे अब्बांच्या थोरल्या भावाचा, ‘वाह मियाँ, फिरसे!’ असा आवाज आहे. मोठे अब्बा आता नाहीत. अब्बांच्या खोक्यातली सगळ्यात जपलेली कॅसेट ती.

पुढे मोबाइल आला आणि कॅसेटची जागा मेमरी कार्डाने घेतली. माझा चुलतभाऊ स्टँडजवळ मोबाइलचं दुकान चालवायचा. रिचार्ज, कव्हर, दुरुस्ती आणि संगणकाच्या डब्याला चिकटवलेला कागद: ‘गाणी भरून मिळतील’. दहा-वीस रुपयांत कार्ड गच्च. हायवेवरचे ट्रकवाले गाडी बाजूला लावून यायचे. ‘जुनी, दर्दवाली भर’ एवढंच सांगायचे आणि चहा प्यायला जायचे. ऊसतोडीला निघालेली पोरं यायची. सौदीला निघालेला एक जण दोन कार्डं भरून घेऊन गेला, एकात लावण्या आणि एकात नात.

दोन कार्डांची पद्धत आमच्या मोहल्ल्यात बऱ्याच घरांत होती. रमजानचा चाँद दिसला की रोजचं कार्ड काढून पेटीत ठेवायचं आणि नात, हम्द, तकरीर असलेलं दुसरं घालायचं. ईदनंतर पुन्हा अदलाबदल. गाणं ऐकणं जायज की नाजायज, ही चर्चा आमच्याकडे कधी संपत नाही. घरात एक मामू असे असतात की ते आले की टेप बंद होतो. माझी आपा तिच्या आवडीची गाणी छोट्याशा कार्डात ठेवायची आणि ते कार्ड बांगड्यांच्या डबीत. नखाएवढ्या त्या कार्डात तिची स्वतःची अशी एक जागा होती. ती तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हती.

माझा भाऊ मात्र या धंद्यात गायकाला एक पैसाही देत नव्हता. कार्डातलं सगळं चोरीचं होतं. संगीत कंपन्यांच्या संघटनेने अशा दुकानांना रीतसर परवाना देण्याची योजनाही काढली होती. आमच्या स्टँडवर मात्र असा परवाना भिंतीला लावलेला मी पाहिला नाही. ही बाजू झाकून मला पुढे जायचं नाही, तिच्याकडे परत येतो.

गाणी महिन्याच्या भाड्याने द्यायची आणि खिशातल्या यंत्रात घालायची, हा प्रयोग वीस वर्षांपूर्वी अमेरिकेत झाला. अ‍ॅपलचा आयपॉड २००१ साली आला होता आणि २००३ पासून अ‍ॅपलच्या दुकानात एक गाणं ९९ सेंटला कायमचं विकत मिळू लागलं होतं. स्टीव्ह जॉब्ज उघड सांगायचे की लोकांना गाणी मालकीची हवी असतात, भाड्याची नकोत. त्याविरुद्ध २००५ साली नॅपस्टरने महिना १४.९५ डॉलरची योजना आणली. त्याच वर्षी याहूने महिना ६.९९ डॉलरला लाखो गाणी देऊ केली. गाणी यंत्रात भरून घ्यायची, हवी तेवढी ऐकायची. पण प्रत्येक गाण्याला कुलूप होतं. ठरावीक दिवसांनी यंत्र संगणकाला जोडून परवान्याची मुदत वाढवून घ्यायची. पैसे थांबले की गाणी तिथंच असायची, वाजायची मात्र नाहीत. याहूची ही सेवा २००८ साली बंद झाली आणि गिऱ्हाइकांना दुसऱ्या कंपनीकडे पाठवलं गेलं.

यावर कुणी म्हणेल, मग जॉब्ज बरोबर होते. पण २०१५ साली खुद्द अ‍ॅपलनेच महिन्याच्या भाड्याची सेवा सुरू केली. भारतात तिचा दर १२० रुपये होता. २०२२ साली तर आयपॉड बनवणंच बंद झालं. पंधरा-वीस वर्षांत माणसाचं मन बदललं नाही. बदललं ते यंत्र. फोन सतत नेटला जोडलेला राहू लागला, त्यामुळे परवाना कधी वाढवला जातो ते ऐकणाऱ्याला कळेनासं झालं. कुलूप आहेच, फक्त किल्लीचा आवाज येत नाही.

आपल्याकडे गाणी कायमची विकत द्यायचाही प्रयत्न झाला. फ्लिपकार्टने २०१२ च्या सुरुवातीला ‘फ्लाइट’ नावाचं गाण्यांचं दुकान उघडलं. सहा रुपयांपासून पंधरा रुपयांपर्यंत एक गाणं. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. त्या काळात खेड्यातल्या माणसाकडे नेटवर पैसे भरायचं कार्ड नव्हतं. आणि सहा रुपयांत एक गाणं घेण्यापेक्षा स्टँडवर वीस रुपयांत पाचशे गाणी मिळत होती.

महिन्याच्या भाड्याची पहिली ओळख मात्र आमच्या गावाला फार वेगळ्या वाटेने झाली होती. कॉलर ट्यून! फोन करणाऱ्याला ट्रिंग ट्रिंग ऐवजी गाणं ऐकू यायचं. त्याचं महिन्याचं भाडं, वर गाण्याचे वेगळे पैसे. अब्बांच्या फोनवर एकदा अशी ट्यून आपोआप लागली. कुठलं बटण दाबलं गेलं, देव जाणे. दर महिन्याला बॅलन्समधून तीस रुपये जायला लागले. गंमत म्हणजे ते गाणं अब्बांना स्वतःला कधीच ऐकू येत नव्हतं. ते फोन करणाऱ्याला! ‘पैसे मेरे, सुनते तुम. ये कायका धंदा?’ असं ते म्हणायचे. देशभरातून अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०१३ साली ट्रायला मोबाइल कंपन्यांना आदेश काढावा लागला: अशी सेवा सुरू करण्यापूर्वी गिऱ्हाइकाची दोनदा संमती घ्या. पण तोवर व्हायचं ते झालं होतं. ‘कटतात’ हा शब्द आमच्याकडे त्या काळात रुजला. पैसे भरणं वेगळं आणि पैसे कटणं वेगळं. भरताना हात आपला असतो. महिन्याची वर्गणी म्हटलं की आजही जुन्या माणसाच्या डोक्यात आधी ‘कटणं’च येतं.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, नेट स्वस्त झालं आणि गाण्यांची अ‍ॅप फुकटात घराघरात शिरली. भावाच्या दुकानातला तो कागद वर्षभरात पिवळा पडला. कुणी कार्ड भरायला येईना. अब्बांच्या टेलरिंगच्या दुकानातही स्पीकर आला. आम्हा सगळ्यांना वाटलं, आता सगळं मिळतं. मिळतही होतं. पण फुकट अ‍ॅपवर नात चालू असताना मध्येच जाहिरात यायची. हम्द संपते न संपते तोच कुणीतरी ओरडून साबण किंवा रमीचा डाव विकायचा. अब्बा मशीन थांबवून स्पीकरकडे बघत बसायचे.

मग फुकटचे दिवसही आटले. २०२२ मध्ये गाना अ‍ॅप पैसे भरणाऱ्यांपुरतंच उरलं. रेसो २०२४ च्या सुरुवातीला भारतातून गेलं. एअरटेलने त्याच वर्षी विंक म्युझिक बंद केलं. कुणाला हे दूरच्या धंद्यातले बदल वाटतील. माझ्या आपाला ते वाटले नाहीत. अशाच बंद पडलेल्या एका अ‍ॅपवर तिने चार-पाच वर्षांत एक यादी जमवली होती. लग्नाआधीची गाणी, लग्नानंतरची, पोरगी झाली तेव्हाची अंगाई. ‘डाउनलोड’ करून ठेवली होती, म्हणून ती निर्धास्त होती. अ‍ॅप गेलं आणि डाउनलोडही गेलं. डाउनलोड हा शब्द तोच राहिला होता, अर्थ बदलला होता. गाणी तिच्या फोनमध्ये होती, पण तिची नव्हती. तिने फार आदळआपट केली नाही. एवढंच म्हणाली, ‘डबीतलं कार्ड बरं होतं रे.’

हा सगळा गुंता सोडवायला मला आपल्या घरातलाच एक शब्द उपयोगी पडतो. रतीब. दुधाचा रतीब आपण लावतो. रोज दूध येतं, रोज संपतं, महिनाअखेर हिशोब होतो. कालचं दूध आज उरलं नाही म्हणून कुणी भांडत नाही. पण लोणच्याचा रतीब कुणी लावत नाही. लोणचं एकदा घालायचं, बरणीला दादरा बांधायचा आणि वर्षभर पुरवायचं. बरणी आपली, फडताळ आपलं. लोणचंवाला उद्या गाव सोडून गेला तरी बरणीला काही होत नाही.

गाणीही अशी दोन तऱ्हेची असतात. काही दुधासारखी. या आठवड्यात लग्नात वाजली, पुढच्या महिन्यात विसरली. त्यांच्यासाठी रतीब उत्तम. माझा भाचा रोज नवं ऐकतो. पंजाबी, कोरियन, अरबी काहीही. त्याला महिन्याची वर्गणी परवडते आणि शोभतेही. पाकिस्तानातला कव्वाल त्याला मिळतो, इजिप्तचा कारी मिळतो. अब्बांच्या खोक्याने आयुष्यात जेवढं ऐकवलं नसेल, तेवढं तो एका सुट्टीत ऐकतो. याला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही.

पण काही गाणी लोणच्यासारखी असतात. ती मुरतात. एकच नात तीस वर्षं सकाळी लागते आणि मग ती त्या घराची होते. अशा गाण्याला माणूस रतीब लावायला तयार नसतो. कंजूषपणाचा यात संबंध नाही. सारेगामा कारवांकडे बघा. २०१७ साली एचएमव्हीच्या वारसदार कंपनीने जुन्या रेडिओच्या थाटाचा एक डबा काढला. आत पाच हजार जुनी गाणी, नेट नको, महिन्याचं काही नाही. किंमत ५,९९० रुपये. तीच गाणी फोनवर जवळपास फुकट होती. तरी डबा लाखांनी खपला. पोरांनी आईबापांना भेट दिला. एवढ्या पैशांत चार वर्षांची वर्गणी आरामात भरता आली असती, पण लोकांनी बरणी घेतली. तासाभराच्या अंतरावर पंढरपूरला जा. हरिपाठ आणि अभंग भरलेले छोटे डबे तिथं दुकानात टांगलेले असतात. कुठल्याही मोठ्या दर्ग्याबाहेर तसेच कुरआन आणि नातचे डबे. वारकरी म्हातारी आणि आमची दादी या बाबतीत एकाच मताच्या: बटण दाबलं की वाजलं पाहिजे, आणि मध्ये कुणी बोलता कामा नये.

गाण्यासाठी पैसे भरणारे ऐकणाऱ्यांत शंभरातले दहाही नाहीत, ही कंपन्यांची तक्रार नेहमी वाचायला मिळते. माझं म्हणणं एवढंच की, विकायला फक्त दूध ठेवायचं आणि लोणचं घेणारा माणूस फुकट्या ठरवायचा, हे बरोबर नाही. सीडी गेली. गाणं कायमचं विकत घ्यायची सोय आपल्याकडे नावापुरती उरली. महागड्या फोनला तर आता कार्डाची खाचही नसते. बरणीच बाजारातून उठवल्यावर माणूस रतीब लावतो. त्याला आवड म्हणायचं की नाइलाज?

आता ती राहिलेली बाजू. गाणाऱ्याच्या हातात काय पडतं? कार्डातल्या गाण्याचं त्याला काहीच मिळालं नाही, हे वर सांगितलंच. त्या मानाने वर्गणी बरी, थोडं तरी पोचतं. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क मिळाला आणि तो कंपनीला लिहून देता येणार नाही असं ठरलं. जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत बोलले होते. हे चांगलं झालं. पण वर्गणीचा हिशोबही बघितला पाहिजे. बहुतेक अ‍ॅपमध्ये सगळ्यांचे पैसे एका हौदात जातात आणि एकूण किती वेळा कोण वाजलं, त्या प्रमाणात वाटले जातात. म्हणजे अब्बांनी महिनाभर फक्त एका जुन्या कव्वालाला ऐकलं, तरी त्यांच्या वर्गणीचा मोठा वाटा त्या महिन्यात गाजणाऱ्या फिल्मी गाण्यांकडे जातो. संगीत बारीत असं होत नाही. तिथं मालकाचा हिस्सा असतो, पेटीवाल्याचा असतो, तबलजीचा असतो. त्यात अन्यायही पुष्कळ आहे. पण नोट ज्या पार्टीच्या गाण्यासाठी निघाली, त्याच पार्टीत वाटली जाते. शेजारच्या पार्टीत जात नाही.

आणि आमच्यासारख्यांचं सगळ्यात मोठं दुखणं वेगळंच आहे. आमचं बरंचसं गाणं रतीबवाल्याच्या कॅनमध्ये कधी पडलंच नाही. सगनभाऊ पेशवाईच्या अखेरचा शाहीर, जन्माने मुसलमान, जेजुरीचा. त्याच्या लावण्या दोनशे वर्षं टिकल्या त्या लोकांच्या तोंडी आणि शाहिरांच्या बाडांत. बाड म्हणजे हाताने लिहून ठेवलेली वही. ती घराच्या कोनाड्यात राहिली, म्हणून गाणं राहिलं. आमच्याच जिल्ह्यात बार्शीला जन्मलेले मेहबूब हुसेन पटेल म्हणजे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मैदानं गाजवत फिरले. त्यांना ऐकलेली माणसं आता थोडीच उरलीत. मोहरमची गाणी, मेहंदी-हळदीला आमच्या बायका दखनीत गातात ती गाणी, गावच्या उरुसातली कव्वाली, हे कुठल्या अ‍ॅपवर शोधणार? कोट्यवधी गाण्यांच्या ढिगात ‘सगळं आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा जे तिथं नाही ते मुळात नव्हतंच, असं पुढच्या पिढीला वाटण्याची मला भीती वाटते.

भाचा हुशार आहे. त्याने मागच्या ईदला अब्बांच्या फोनवर स्वतःच्या वर्गणीतून त्यांना जोडून दिलं. जाहिराती बंद झाल्या, अब्बा खूश. दोन दिवस त्यांनी हवं ते ऐकलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, ‘अच्छा है. अब वो उरुसवाली लगा.’ भाच्याने दोन-तीन वेळा नाव बदलून शोधलं. मिळणार कुठून?

ती कॅसेट मग मीच पुण्याला नेली. फीत एका ठिकाणी चिकटली होती, ती सोडवून संगणकात उतरवून घेतली. तीन कार्डांत भरली. एक अब्बांच्या साध्या फोनमध्ये, एक आपाच्या डबीत, एक माझ्याकडे. भाच्याने वर्गणी चालू ठेवली आहे आणि ठेवावीच. घरात दूधही लागतं.

तुमच्याही घरी माळ्यावर असं एखादं खोकं असेल. फीत वर्षागणिक खराब होते, बुरशी धरते. या सुट्टीत ते खाली काढा. गावात कुणाकडे चालू टेप आहे का विचारा, आणि उतरवून घ्या. कुणाचा आवाज आहे, कुठला उरूस, कुठलं साल, हे कागदावर लिहून सोबत ठेवा. सांगू शकणारी माणसं अजून आहेत तोवर विचारून घ्या.